कमी किमतीचा मोबाईल : घराला कोणता, धंद्याला कोणता?



एरवी या कार्यक्रमात कपाशीवरची बोंडअळी, अद्रकीची कंदकूज, मोसंबीचा बहार असे विषय असतात. आज मोबाईल फोनवर बोलायचे आहे. शेतीच्या माणसाने मोबाईलवर काय सांगावे, असे कुणाला वाटेल. पण वडोद बाजार, बाबरा, पीरबावडा या भागात फिरताना मला किडीविषयी जेवढे प्रश्न येतात, जवळजवळ तेवढेच आता फोनविषयी येतात. "साहेब, पाहणीचा फोटो घेईना वो." "साहेब, ओटीपी येईना." बांधावर कपाशी बघायला जावे आणि अर्धा तास फोन दुरुस्त करीत बसावे, असे होते.

आपण बैल घेताना दात बघतो, चालवून बघतो. पंप घेताना विहिरीची खोली सांगून मग किती अश्वशक्तीचा घ्यावा ते विचारतो. फोन मात्र दुकानदार पुढे करील तो घेतो, नाहीतर घरातले पोरगे म्हणेल तो. आठ-दहा हजार रुपये म्हणजे काही थोडी रक्कम नव्हे. म्हणून एका घरातली हकीकत सांगतो आणि त्या अनुषंगाने दोन फोनांची तुलना करतो.

हे शेतकरी आपल्या फुलंब्री तालुक्यातलेच. नाव सांगत नाही. तीन एकर कपाशी, अर्धा एकर अद्रक. घरात चांगला फोन एकच, आणि तो मुलाबरोबर शहरात कॉलेजला. त्यांच्याजवळ बटणाचा साधा फोन होता. त्यावरून विहिरीवरच्या मोटारीचा मोबाईल स्टार्टर चालू करायचा, एवढाच त्याचा उपयोग. २०२५ च्या खरिपात ई-पीक पाहणी करायची राहिली. तुम्हांला माहीतच आहे, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आपला पीकपेरा आपणच फोनवरून नोंदवायचा असतो. गटात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो, घरी ओट्यावर बसून जमत नाही. मुलगा रविवारी येणार होता, तेव्हा पाऊस लागला. शेजाऱ्याच्या फोनवरूनही नोंद करता येते, पण त्याला म्हणायला यांना संकोच वाटला. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात काय पाऊस झाला ते सांगायला नको. त्या गडबडीत दिवस निघून गेले आणि सातबाऱ्यावर कपाशीचा पेरा लागलाच नाही.

त्याच वर्षी भारतीय कापूस निगमने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' नावाच्या ॲपवर नोंदणी सक्तीची केली होती. नोंदणी फोनवर, विक्रीचा दिवस घ्यायचा तोही फोनवर. सातबाऱ्यावर पेरा नाही म्हणून यांचे काम तिथेच अडले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलला ८,११० रुपये होता. यांनी कापूस गावातच व्यापाऱ्याला घातला. भावात क्विंटलमागे नुसता ८०० रुपयांचा फरक धरला, तरी २० क्विंटलांचे १६,००० रुपये होतात. तेवढ्यात दोन फोन आले असते!

आता याला फोन जबाबदार की माणूस, हा वाद घालण्यात अर्थ नाही. माझ्या मते चूक वाटणीत होती. घरातला एकुलता एक कामाचा फोन घराबाहेर होता. नांगर एक आणि तो पाहुण्याकडे, अशातला प्रकार.

दिवाळीनंतर ते माझ्याकडे आले. खिशातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर दुकानदाराने दोन नावे लिहून दिली होती. एक सॅमसंगचा गॅलॅक्सी एम०५ आणि दुसरा शाओमी कंपनीचा रेडमी ए४ ५जी. म्हणाले, "साहेब, ह्यातला कोणता घ्यावा? एक माझ्यापाशी राहील, आन् पुढंमागं एक घरात बाईसाठी घ्यायचा हाय." मी म्हटले, "काका, बसा. दोन्ही नीट बघू."

पहिली गोष्ट किंमत. गॅलॅक्सी एम०५ सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारात आला तेव्हा ७,९९९ रुपयांना होता. रेडमी ए४ त्याच वर्षी नोव्हेंबरात आला, ८,४९९ रुपयांना. या किमती बाजारात येतेवेळच्या आहेत. नंतर त्या खालीवर होतात, तेव्हा दुकानात भाव विचारूनच घ्यावा. वरवर पाहता पहिला फोन ५०० रुपयांनी स्वस्त. पण थांबा. एम०५ च्या डब्यात चार्जर नाही. फक्त वायर मिळते. रेडमीच्या डब्यात ३३ वॅटचा चार्जर आहे. म्हणजे घरात चांगला टाइप-सी चार्जर नसेल तर तो विकत घेणे आले आणि ते ५०० रुपये तिथेच गेले. रस्त्यावर शंभर रुपयांना मिळणारा चार्जर लावू नये, बरं का. आपल्याकडे विजेचा दाब कधी कमी कधी जास्त. तसल्या चार्जरने बॅटरी लवकर जाते. आधीच्या फोनचा चांगल्या कंपनीचा चार्जर घरात असेल तर मात्र एम०५ खरोखरच स्वस्त पडतो.

दुसरी गोष्ट रॅम आणि साठवण. हे दोन शब्द दुकानदार भरभर बोलतो. रॅम म्हणजे खळे, साठवण म्हणजे कोठी. खळे मोठे असेल तर एका वेळी जास्त कामे मांडता येतात. कोठी मोठी असेल तर माल जास्त मावतो. या किमतीत दोन्ही फोनांना ४ जीबीचे खळे आणि ६४ जीबीची कोठी आहे. दुकानदार "आठ जीबी रॅम" म्हणाला तर विचारावे की खरी किती आणि कोठीतून उसनी घेतलेली किती. उसनी रॅम म्हणजे कोठीत पोती सरकवून तिथेच मळणी करण्यासारखे आहे. काम होते, पण सावकाश. शेतकऱ्याच्या कामाला ४ जीबी चालते. ६४ जीबीची कोठी मात्र लग्नाच्या व्हिडिओंनी आणि सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी सहा महिन्यांत भरते. मग पाहणीचे ॲप अडखळते आणि माणूस सरकारला नावे ठेवतो. दोन्हींत मेमरी कार्ड बसते. पण दोन सिम आणि कार्ड एकाच वेळी बसते का, ते सिमचा ट्रे काढून डोळ्यांनी बघावे. ज्याला दोन सिम वापरायची आहेत त्याला हे महत्त्वाचे आहे.

बॅटरीत फरक थोडा आहे. एकाची ५,००० एमएएच, दुसऱ्याची ५,१६०. दिवसभर निघतो दोन्हींवर. पडदे दोघांचेही मोठे आहेत. रेडमीचा ६.८८ इंच, सॅमसंगचा ६.७ इंच. रेडमीच्या पडद्यावर चित्र जास्त गुळगुळीत सरकते, पण त्याने कापसाला भाव येत नाही. उन्हात दिसते का, हे खरे. या किमतीतले पडदे उन्हात फिके पडतात. म्हणून दुकानातल्या दिव्याखाली पाहून खुश होऊ नका. फोन हातात घेऊन रस्त्यावर उन्हात या आणि सातबारा उघडून वाचून बघा. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

आता ५जी. हा सगळ्यांत गैरसमजाचा भाग आहे. एम०५ हा ४जी फोन आहे. रेडमी ए४ नावातच ५जी आहे. पण एक बारकावा आहे, तो चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. ५जी दोन तऱ्हेने चालते. जिओने स्वतंत्र ५जी उभारले आहे. एअरटेलने मुख्यत्वे आपल्या ४जीच्या आधाराने ५जी दिले. रेडमी ए४ फक्त स्वतंत्र पद्धतीचे ५जी पकडतो. त्यामुळे हा फोन बाजारात आला तेव्हाच स्पष्ट झाले होते की जिओच्या सिमवर यात ५जी चालेल, एअरटेलच्या सिमवर ४जीच चालेल. काकांचे सिम एअरटेलचे. शिवाय त्यांच्या वस्तीवर ५जी नाहीच. ४जी येते तेही विहिरीच्या कठड्यावर उभे राहिले तर. मग ५जीसाठी जादा पैसे मोजायचे कशाला? पीक पाहणी, 'मेघदूत' ॲपवरचा मंगळवार-शुक्रवारचा हवामान सल्ला, जाधववाडीचे बाजारभाव, पैसे देणे-घेणे या सगळ्याला ४जी भरपूर झाले.

म्हणून आधी हे करावे. फोन घेण्यापूर्वी आपल्या शेतात, आपल्या वस्तीवर कोणत्या कंपनीचा सिग्नल येतो ते दोन-तीन जणांच्या फोनवर पाहून घ्यावे. गावच्या चौकात येतो म्हणून डोंगराच्या कुशीतल्या शेतात येईलच असे नाही. फोनपेक्षा सिमची निवड चुकल्याने जास्त लोक अडचणीत आलेले मी पाहिले आहेत.

बोटाच्या ठशाने उघडण्याची सोय रेडमीला बाजूच्या बटणात आहे. एम०५ ला ती नाही. शहरातल्या माणसाला हा मोठा फरक वाटेल. पण काकांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "हे बोट रेशनच्या मशीनला तीन-तीन दा लावावं लागतं, साहेब." अद्रक काढणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. तेव्हा या सोयीसाठी पैसे देऊ नयेत. सहा आकडी पिन लावावा. जन्मसाल किंवा १२३४५६ नको. आणि हेही ध्यानात ठेवा की पीएम-किसानचे ई-केवायसी जून २०२३ पासून त्यांच्या ॲपवर चेहरा दाखवूनही होते. त्याला फोनचा पुढचा कॅमेरा पुरतो. ठसा उमटत नाही म्हणून ज्यांचे हप्ते अडले असतील त्यांनी हा मार्ग वापरावा.

कॅमेरा दोघांचाही ५० मेगापिक्सेलचा. त्या आकड्याला भुलू नये. किडीचा फोटो मला पाठवायचा असेल तर फोन पानाला चिकटवू नका, अंधुक येतो. वीतभर अंतरावरून काढा. एक फोटो पानाच्या खालच्या बाजूचा, एक पूर्ण झाडाचा, एक सगळ्या वावराचा. एवढे तीन फोटो असले म्हणजे मला बसल्या जागी बरेच कळते. नुसता एक हिरवा ठिपका पाठवून "काय मारू?" विचारणारे पुष्कळ आहेत.

धूळ आणि पाणी. रेडमीला आयपी५२ अशी खूण आहे. म्हणजे थोडीफार धूळ आणि वरून पडणारे थेंब यांपासून बचाव. पाटाच्या पाण्यात पडला तर कामाचा नाही, हे समजून घ्या. दोन्ही फोनांना रबरी कव्हर आणि काच लावावीच. फवारणी करताना फोन खिशात ठेवू नये. औषधाचा हात फोनला, फोन कानाला, असे होते.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. ती म्हणजे कंपनी हा फोन किती वर्षे सांभाळणार. फोनच्या आतल्या प्रणालीला वेळोवेळी सुधारणा याव्या लागतात. त्या थांबल्या की बँकेची ॲप हळूहळू चालेनाशी होतात. या दोन्ही कंपन्यांनी या फोनांना दोन मोठ्या सुधारणा आणि चार वर्षे सुरक्षेच्या सुधारणा देण्याचे सांगितले आहे. हिशेब फोन बाजारात आला तेव्हापासून धरावा, आपण घेतला तेव्हापासून नव्हे. २०२४ चा फोन म्हणजे २०२८ पर्यंत. बियाण्याच्या पिशवीवरची मुदत आपण वाचतो, तशीच ही. दुकानात आता हे फोन नसतील किंवा शेवटचे नग उरले असतील तर त्यांच्या पुढचे पाहावेत. उदाहरणार्थ, सॅमसंगने फेब्रुवारी २०२५ मध्ये गॅलॅक्सी एम०६ ५जी दहा हजारांच्या आत आणला आणि त्याला चार मोठ्या सुधारणा देऊ केल्या. मी जे प्रश्न सांगतो आहे ते नव्या फोनलाही तसेच विचारायचे.

मग काकांना काय सांगितले? शेतावर, बाजारात फिरणारा, धुळीत पडणारा फोन म्हणून रेडमी ए४ घ्या. चार्जर बरोबर येतो आणि धुळीला थोडा टिकतो. ५जी मिळते म्हणून घेऊ नका. घरातल्या फोनसाठी एम०५ ठीक आहे, कारण घरात मुलाचा जुना चार्जर पडून आहे. एखाद्याचे सिम जिओचे असेल आणि गावात ५जी आले असेल तर रेडमीचे पारडे आणखी जड होते. उलट हातात साडेसात-आठ हजारच असतील तर उरलेल्यासाठी हप्त्यावर जाऊ नये. हप्ता थकला की फोनच बंद पडावा अशी व्यवस्था काही ठिकाणी केलेली असते, आणि तो नेमका पाहणीच्या मुदतीत बंद पडायचा.

आता घर आणि धंदा वेगळा ठेवण्याविषयी. अद्रकीचे बेणे विकणारे, दुधाचा रतीब घालणारे, रोपवाटिका चालवणारे बरेच जण आहेत. त्यांनी धंद्याचा नंबर वेगळा ठेवावा. त्यासाठी दुसरा फोनच लागतो असे नाही. दोन सिमच्या फोनमध्ये एका नंबरवर साधे व्हॉट्सॲप आणि दुसऱ्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालते. ते फुकट आहे. त्यात मालाचे फोटो आणि भाव लावून ठेवता येतात. दुसऱ्या सिमला नेटचा महागडा पॅक लागत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये नियम केल्यापासून कंपन्यांना फक्त बोलणे आणि संदेश यांचे पॅक ठेवावे लागले आहेत. ते मागून घ्यावेत, दुकानदार आपण होऊन सांगत नाही.

पैशासाठी एक लहान खाते वेगळे काढावे. पीक कर्जाचे किंवा कापसाच्या पट्टीचे पैसे येतात ते खाते फोनच्या यूपीआयला जोडू नये. लहान खात्यात चार-पाच हजार ठेवावेत आणि तेवढ्यावर फोनवरचा व्यवहार करावा. गेलेच तर तेवढेच जातील.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आधारला आणि बँकेला जोडलेले सिम ज्याचे त्याच्याजवळ पाहिजे. आमच्या भगिनींना मी हे मुद्दाम सांगतो. लाडकी बहीण योजनेचे ई-केवायसी २०२५ मध्ये सुरू झाले तेव्हा किती जणींचा ओटीपी शहरात नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर जात होता! इकडे केंद्रावर बाई रांगेत, तिकडे मुलगा तासाला बसलेला, फोन बंद. ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो. बचत गटाचा हिशेब सांभाळणाऱ्या बाईचा स्वतःचा नंबर असू नये, हे मला पटत नाही. काकांनी दुसरा फोन "बाईसाठी" म्हटले, ते म्हणूनच मला आवडले. मी एवढेच म्हटले की सिमही त्यांच्याच नावावर घ्या.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान', 'पीक विमा यादी', 'आरटीओ चलन' अशा नावांची फाईल आली आणि तिच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असली तर ती ओळखीच्या माणसाकडून आलेली असली तरी उघडू नये. ओळखीच्या माणसाचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. टाकायला सांगितला की समजावे, पैसे जाणार आहेत. गेलेच तर लाज धरून बसू नये, त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर तितके पैसे हाती लागणे कठीण.

दुकानातून निघण्यापूर्वीची तीन-चार कामे सांगतो. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. मोबाईलवर १८ टक्के कर आपण भरतोच, मग कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी का घालवायची? फोनवर *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो डब्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का बघावे. जुना फोन घेत असाल तर केवायएम हे इंग्रजी तीन अक्षरांत लिहून, जागा सोडून तो क्रमांक टाकावा आणि १४४२२ वर संदेश पाठवावा. चोरीचा असेल तर कळते. बिल आणि आयएमईआय सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन 'संचार साथी' या सरकारी सोयीवरून तो देशभर बंद करता येतो, त्याला हाच क्रमांक लागतो.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी फोन घेऊन शेतात जावे. लोकेशन चालू करून आभाळ उघडे असेल अशा जागी उभे राहावे, झाडाखाली नको. नकाशात आपला ठिपका आपल्याच गटात येतो का, किती वेळात येतो, ते बघावे. मिनिट-दोन मिनिटांत आला तर ठीक. शेजारच्या गटात दाखवीत असेल तर पाहणीच्या दिवशी घोटाळा होणार. दुकानात बदलून मिळण्याची मुदत थोडी असते, ती विचारून ठेवावी. पुण्याच्या हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲपही तेव्हाच घालून घ्यावे. वीज पडण्याचा धोका जवळपास असेल तर ते सावध करते, पण त्यासाठी लोकेशन चालू लागते.

जुना बटणाचा फोन टाकून देऊ नका. मोटारीच्या स्टार्टरला तोच बरा. बॅटरी चार दिवस टिकते आणि चिखलात पडला तरी रडू येत नाही. काकांनीही तो ठेवला आहे. नवीन फोनवर रब्बीची पाहणी त्यांनी स्वतः केली, तिसऱ्या खेपेला जमली. पहिल्या दोन खेपांना ते जांभळीखाली उभे होते.

शंका असल्यास किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारावे. हा क्रमांक फुकट आहे आणि बटणाच्या फोनवरूनही लागतो.